जातो म्हणणारा कासार

एका गावात एक शब्द होता, पण तो तोंडाबाहेर काढायची कुणाची टाप नव्हती. शब्द साधाच. "जातो." बाईमाणूस असेल तर "जाते." कुणाच्या घरून निघा, शेतावरून निघा, बाजारातून निघा, म्हणायचं "येतो". जो जातो म्हणाला तो गेलाच, परत काही येत नाही, अशी तिथं पक्की समजूत होती. एखादं पोर चुकून "जातो" म्हणालं, की आई पाठीत धपाटा घाली आणि त्याच्याकडून तीनदा "येतो" म्हणवून घेई.

गावच तसं होतं. वाईट म्हणून काही बोलायचंच नाही. दिवा विझला म्हणायचं नाही, शांत झाला म्हणायचं. कुंकू संपलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. बोलणं कसं सगळं गुळात बुडवून काढलेलं. आत काय कुजतंय ते कुजू दे.

त्या गावात एक कासार आणि त्याची बायको राहत होती. बांगड्या भरण्यात कासाराचा हात असा हलका, की बायका गप्पा मारत हात पुढे करत आणि गप्पा संपायच्या आत मनगट भरलेलं असे. अंगठ्याखालचा मऊ भाग दाबायचा, बोटं जुळवायची, बांगडी किंचित तिरकी धरायची आणि सरकवायची. काच कधी कटकन बोलली नाही. आणि हातासारखाच त्याचा शब्द. "बुधवारी येतो" म्हणाला की नदीला पूर असो, अंगात ताप असो, बुधवारी तो दारात हजर. आसपासच्या दहा गावांत लोक म्हणत, "कासाराने येतो म्हटलंय ना, मग आलाच समजा."

गावाच्या वेशीबाहेर एक दारूचा गुत्ता होता. एकदा पलीकडच्या गावाहून पायी येताना कासार दमला आणि तिथं टेकला. एक पेला घेतला. बरं वाटलं. निघताना रीतीप्रमाणे म्हणाला, "येतो हं."

दुसऱ्या दिवशी तो गेला. निघताना म्हणाला, "येतो." तिसऱ्या दिवशीही गेला. पुढचं काय सांगायचं? तुमच्या आमच्या घरात जे होतं तेच झालं. एकाचे दोन झाले, दोनाचे पाच झाले. डोक्यावर जरीचा फेटा आला, कारण गुत्त्यात बसणारे सगळे फेटेवाले. पत्त्यांचा डाव आला, कारण नुसतं पीत बसायचं तरी किती? आणि हळूहळू हाताला कंप आला.

सकाळी उठला की बोटं थरथर कापायची. तो गुत्त्यावर जाई, एक पेला पोटात टाकी, की थरथर थांबे. मग त्याला वाटे, बघा, हिच्यामुळेच तर माझा हात स्थिर आहे. दारूचं हेच असतं. आग आपणच लावते आणि पाणी घेऊनही आपणच येते.

पण एका पेल्याने भागेना. बायकांच्या मनगटावर काचा कटकन तुटायला लागल्या. एकदा एका पोरीच्या हाताला चांगलीच जखम झाली, रक्त आलं. तरी गाव गोड बोलणारं! पोरीची आई म्हणाली, "असू दे कासारदादा, चार बांगड्या वाढवल्या एवढंच." आणि घरी जाऊन शेजारणींना सांगितलं, "त्याच्यापुढे हात धरू नका गं बाई."

तोंडावर एकच जण बोललं, ती त्याची बायको. त्या पोरीच्या मनगटावर हळद दाबून ती घरी आली आणि म्हणाली, "आज तुम्ही चार बांगड्या फोडल्यात."

"अगं, असं अभद्र बोलू नये. वाढवल्या म्हण."

"फोडल्या! बोलू नये वाटतं तर करू नये. दारू कधी सोडताय?"

"बघू," कासार म्हणाला.

तो नेहमी हेच म्हणे. बघू. कारण "सोडतो" म्हटलं असतं तर शब्द पाळावा लागला असता ना!

बायको काही रडत बसणाऱ्यातली नव्हती. तिने वर्षभर वाट पाहिली. वर्षात त्याच्याकडे हात धरायला एकही बाई आली नाही, घरातला सगळा धंदा ती एकटीच डोक्यावर टोपली घेऊन करत होती. एका सकाळी तिने बांगड्यांच्या माळा दोन टोपल्यांत अर्ध्या अर्ध्या वाटल्या. एक टोपली भिंतीशी ठेवली, दुसरी स्वतः उचलली. दारात उभी राहून म्हणाली, "जाते मी."

कासार अंथरुणातून धडपडत उठला. "काय म्हणालीस?"

"नदीपलीकडच्या बाजारगावात दुकान मांडते. जाते."

"अगं येडे, येते म्हण! तीनदा म्हण!"

"मी खोटं बोलत नाही," ती म्हणाली. "यायचं असतं तर येते म्हणाले असते."

आणि ती गेली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

कासार दिवसभर उंबऱ्यावर बसून राहिला. तिने मारलं असतं, शिव्या घातल्या असत्या तर तो विसरला असता. पण तो एक शब्द कानातून जाईना. संध्याकाळ झाली तसे पाय आपसूक गुत्त्याकडे वळले. पेला पुढ्यात आला आणि त्याने गुत्तेवाल्यापाशी रड गायली, "बायको गेली. जाते म्हणाली रे. येते नाही म्हणाली."

गुत्तेवाला हसला. माणूस तसा मनाचा वाईट नव्हता, धंदा वाईट होता. म्हणाला, "मग ती खरी बाई आहे. तुमचं सगळं गावच खरं आहे बाबा. म्हणून तर मी इथं पाय रोवला."

"म्हणजे?"

"आधीच्या गावात गिऱ्हाईक टिकवायला मला काय काय करावं लागे. गाणी म्हण, चणेफुटाणे वाट, गोड बोल. इथं काही म्हणजे काही करावं लागत नाही. जो उठतो तो आपणहून 'येतो' म्हणतो. आणि म्हटलंय म्हणून येतो! त्यात तुझा शब्द म्हणजे काय विचारतोस? तू येतो म्हणून वेशीत शिरलास की मी तुझा उद्याचा पेला धुऊन पालथा घालून ठेवतो. आजवर एकदाही फुकट गेला नाही."

कासाराने समोरच्या पेल्याकडे पाहिलं. दहा गावांत ज्या शब्दाला मान, तो शब्द आपण रोज संध्याकाळी कुणाला देत होतो? या दारूच्या मडक्याला! बायकोला काय दिलं? 'बघू.' आणि मडक्याला? 'येतो.'

तो उठला. पेला तसाच भरलेला. दारात गेला आणि तोंड उघडलं. पण शब्द निघेना. जन्मात कधी उच्चारला नव्हता, जीभ टाळूला चिकटली, आईचा धपाटा पाठीवर बसल्यासारखा वाटला.

"येतो म्हण की," गुत्तेवाला म्हणाला.

"जा..." कासार म्हणाला. "जातो."

पत्ते खेळणाऱ्यांच्या हातातले पत्ते हातातच राहिले.

"अरे अभद्रा! तीनदा येतो म्हण!" एक फेटेवाला ओरडला.

"जातो," कासार मोठ्यानं म्हणाला. "जातो. जातो. घे तीनदा." आणि गेला.

आता कुणाला वाटेल, झालं, सुटली. इतकं सोपं असतं तर घराघरातल्या बाया सुखाने झोपल्या नसत्या? पहिले आठ दिवस कासाराचे हाल कुत्रं खाईना. अंगाला कंप, ओकाऱ्या, डोळ्यापुढं काजवे. शेजारी एक शेळ्या राखणारी बाई होती. तोंडाची फटकळ. ती वाडग्यात पातळ पेज घेऊन येई आणि म्हणे, "पी. ओकलास तर पुन्हा पी. मरू नकोस, मला शेजार शोधत बसावं लागेल."

आणि संध्याकाळ झाली की पाय निघत. कासार वेशीपर्यंत जाई. तिथं थांबे. स्वतःशी म्हणे, मी जातो म्हणालोय. आता गेलो तर माझा शब्द खोटा. जातो म्हणून आलेल्या ठिकाणी परत जाणारा मी कोण? आणि दातओठ खात माघारी फिरे. दारूची भीती त्याला थांबवत नव्हती, अब्रू थांबवत नव्हती, शब्द थांबवत होता.

एकदा शेजारणीने त्याला वेशीवरून परत येताना पाहिलं. म्हणाली, "कासारदादा, तिथून निघालास हे चांगलं केलंस. पण निघून जायचं कुठं ते ठरवलंस का? नुसतं वेशीपर्यंत जाऊन परत यायचं, हा काय धंदा आहे? येतो म्हणायला माणसाला काहीतरी लागतं."

कासाराच्या डोक्यात उजेड पडला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो विहिरीवर गेला, गार पाण्याने आंघोळ केली आणि निघताना विहिरीला म्हणाला, "येतो." पाणी भरणाऱ्या बायका फिदीफिदी हसल्या. पण कासाराने शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी त्याला जावंच लागलं!

त्याला तर मग चेवच चढला. झाडूला येतो म्हणाला, चुलीला म्हणाला, देवळाच्या पायरीला म्हणाला, बाभळीला म्हणाला, गावातल्या म्हशीला म्हणाला, तालमीला म्हणाला. वीस ठिकाणी शब्द देऊन बसला. दुसऱ्या दिवशी विसाही ठिकाणी जाता जाता जीव मेटाकुटीला आला. दुपारी म्हशीला भेटायचं राहिलं म्हणून धावत गेला तर म्हशीने लाथ मारली. संध्याकाळी असा थकला, असा चिडला, की गुत्त्याची आठवण पहिल्या दिवसासारखी उसळून आली.

शेजारीण हसून हसून खाली बसली. "अरे मेल्या, वीस ठिकाणी कशाला हात मारलास? तुला पाय किती आहेत?"

"दोन."

"हात किती?"

"दोन."

"मग चारच ठिकाणी शब्द दे. जेवढे हातपाय तेवढीच कामं."

कासाराने चारच ठेवली. पहाटेची विहीर. सकाळी बांगड्या मांडून बसायची चटई, गिऱ्हाईक येवो न येवो. दुपारी शेजारणीची शेळी. आणि संध्याकाळी, गुत्त्याच्या वेळेला, गुत्त्याच्या उलट्या दिशेची टेकडी. बाकी सगळ्याला एकेकदा "जातो" म्हणून मोकळा झाला. पत्त्यांना म्हणाला. तंबाखूच्या डबीला म्हणाला. जरीचा फेटा शेजारणीला दिला, तिने त्यात करडू गुंडाळून थंडीत उबेला ठेवलं. आणि गंमत बघा, घरातून इतकं काही गेलं तरी घर रिकामं वाटेना, मोठं वाटायला लागलं.

शेळी कशाला, विचाराल. तर बांगड्या भरायचा सराव करायचा, पण हात कोण देणार? गावातली एकही बाई त्याच्यापुढे मनगट धरेना. तेव्हा शेजारीण म्हणाली, "माझी शेळी धर." लहान मुलींच्या मापाच्या बांगड्या घेऊन कासार शेळीच्या पुढच्या पायात भरायचा. शेळी एक क्षण पाय स्थिर ठेवत नाही, ओढते, झटकते, ढुशी देते. पहिल्या दिवशी नऊ फुटल्या. हो, फुटल्या. कासार आता वाढवल्या म्हणत नव्हता. मोठ्याने म्हणे, "नऊ फोडल्या." दुसऱ्या दिवशी, "आठ फोडल्या." मध्येच एक दिवस पुन्हा, "अकरा फोडल्या." पण शेळीला येतो म्हटलेलं, जावंच लागे. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. हिवाळ्यात एके दिवशी गावाने पाहिलं, शेळी गल्लीतून ऐटीत चाललीये आणि दोन्ही पायांत सहा-सहा बांगड्या किणकिणतायत, एकीलाही चीर नाही!

गाव हसलं. पण काही जण हसता हसता विचारात पडले. गुत्त्यावरचे दोघे-तिघे कासाराकडे हळूच येऊन गेले. "कासारदादा, जातो म्हणताना जीभ कशी उचलायची रे?" हळूहळू पालथे घातलेले पेले पालथेच राहायला लागले.

गुत्तेवाला घाबरला. तो पाटलांकडे गेला. पाटलांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि वऱ्हाडाच्या सरबराईचा बराच भार गुत्तेवाल्याने उचलला होता. तो हात जोडून म्हणाला, "पाटील, माझं जाऊ द्या. पण हा माणूस उठता-बसता जातो म्हणतो. ऐन लग्नघरात असली जीभ बरी का?"

पाटलांना ते पटलं. नवरीच्या हातात चुडा भरायचा मान गावच्या कासाराचा, पण पाटलांनी बाजारगावाहून दुसरी कासारीण बोलावून घेतली. तिची म्हणे पंचक्रोशीत ख्याती. आणि कासारालाही निरोप धाडला, उद्या मांडवात ये, तुझा निकाल लावू.

कासाराने त्या रोजची विहीर चुकवली नाही, चटई चुकवली नाही. मग टोपली डोक्यावर घेऊन मांडवात गेला. मांडव बायांनी भरलेला. मध्ये पाटावर नवरी. तिच्यासमोर हिरव्या बांगड्यांची टोपली मांडून, नाकापर्यंत पदर ओढून बाजारगावची कासारीण बसलेली. तिने मान वर केली.

ती त्याची बायको होती.

तिने पुन्हा मान खाली घातली. पाटलांनी घसा साफ केला. "कासारा, चुड्याचा मान तुझ्या घराण्याचा आहे, तो मला मोडायचा नाही. पण तू अभद्र बोलतोस. ते आज सगळ्यांसमोर पुसून टाक. हा गुत्तेवाला इथं उभा आहे. याला फक्त 'येतो' म्हण. दारू पिऊ नकोस हवं तर. नुसता एक शब्द. म्हणालास तर चुडा तू भर. नाही म्हणालास तर ही बाई भरेल, आणि पुढं या गावात कुणी तुझ्यापुढं हात धरणार नाही."

सगळे म्हणाले, "म्हण की दादा. काय जातंय तुझं? रीतीचा शब्द आहे."

गुत्तेवालाही गोड हसत म्हणाला, "पिऊ नकोस रे बाबा. नुसतं म्हण."

कासाराने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, टोपलीतल्या बांगड्या सारख्या करत होती. त्याला वाटलं, एक शब्दच तर आहे. म्हणून टाकला तर मान परत, धंदा परत, आणि हिच्या डोळ्यांसमोर परत. नाही म्हटलं तर शेळीशिवाय आपल्याला कुणी हात देणार नाही, तोही तिचा पाय.

मग तो म्हणाला, "पाटील, माझा शब्द रीतीचा नाही, खराच आहे, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून तर तुम्ही तो मागताय. मी याला येतो म्हणालो, तर मला उद्या जावं लागेल. गेलो तर प्यावं लागेल. मान तुमच्याकडे ठेवा. गुत्तेवाल्या, जातो."

मांडवात एकच कालवा झाला. "ऐन लग्नात! थू थू! अभद्र जिभेचा!"

"बाई, तू भर गं चुडा," पाटील कासारणीला म्हणाले. "या अपशकुनी माणसाची सावली नको."

कासारीण उठून उभी राहिली आणि तिने तोंडावरचा पदर मागं सारला. "पाटील, अपशकुनी जीभ चालत नसेल तर माझीही चालायची नाही. या गावातून निघताना मीही जाते म्हणाले होते. यालाच म्हणाले होते. हा माझा नवरा आहे."

कालवा पटकन थांबला. पाटलीणबाईंच्या तोंडाला पदर लागला, पण पदराआड त्या हसत होत्या.

"मी जाते म्हणाले म्हणून काय वाईट झालं?" कासारीण म्हणाली. "मी दुकान थाटलं. हा माणसात आला. वाईट झालं ते येतो येतो म्हणण्यानं झालं. तुमच्या सगळ्यांच्या घरी झालंय, बायांनो, तुम्ही वाढवल्या वाढवल्या म्हणत झाकून ठेवलंय. आता बोलणं पुरे. हात काय म्हणतो ते बघू."

तिने टोपलीतून बांगड्या निवडल्या. आपल्या मापाहून बारीक, नवख्याने घातल्या तर हमखास तुटतील अशा. ती कासारासमोर बसली आणि स्वतःचं मनगट पुढं धरलं. "भरा. एक जरी फुटली तर मी या नवरीचा चुडा भरीन आणि आपल्या वाटेने निघून जाईन."

"अगं, रक्त येईल," कासार हळूच म्हणाला.

"येईल तर माझं येईल. नवरीचं नाही. कापतोय का हात?"

"हात नाही. मन कापतंय."

"मनाचं मन बघेल. भरा."

कासाराने तिचा हात हातात घेतला. किती दिवसांनी! अंगठ्याखाली दाबलं. बोटं जुळवली. पहिली बांगडी हाडावर अडली. त्याने घाई केली नाही. शेळीच्या पायाने त्याला घाई न करणं शिकवलं होतं. बांगडी किंचित तिरकी केली, फुंकर घातल्यासारखी सरकवली. गेली. दुसरी गेली. तिसरी. सहा. नऊ. बारा. एकीनेही आवाज केला नाही. तिने मनगट उंच केलं आणि हलवलं. बारा बांगड्या खळखळून हसल्या.

तेव्हा पाटलीणबाई पुढं आल्या. "पाटील, जरा बाजूला व्हा, माझी लेक दिसत नाहीये मला," त्या म्हणाल्या, आणि नवरीचा हात धरून कासारापुढं ठेवला. "भर रे दादा."

पाटील बाजूला झाले. न होऊन सांगतात कुणाला?

मग काय विचारता! एक बाई सरकली, दुसरी सरकली, अख्खा मांडव हात पुढं करून बसला. ज्या पोरीच्या मनगटाला जखम झाली होती तिची आईसुद्धा आली. एकट्याचं काम राहिलं नाही. कासारीण म्हणाली, "सरका थोडे तिकडं," आणि शेजारी बसली. कासार मधेच शेळीला भेटून आला, आणि टेकडीची वेळ व्हायच्या आत दोघांनी मिळून दोनशे मनगटं भरली.

त्या लग्नानंतर गावातल्या बायांनी एक नवीन खोड लावून घेतली. नवरा गुत्त्यावरून आला की जेवायला वाढायच्या आधी विचारायचं, "निघताना काय म्हणालात?" येतो म्हणालो, असं उत्तर आलं की बाई म्हणे, "मग परत जा, जातो म्हणून या." आणि जोवर तो जाऊन जातो म्हणून येत नाही तोवर भाकरी तव्यावरच. काही जणांना महिना लागला, काहींना वर्ष. काही जण दहादा खोटे पडले आणि अकराव्यांदा खरे झाले. पण शेवटी गुत्त्यात गुत्तेवाला एकटाच उरला. त्याने मडकी विकून बैल घेतला आणि मीठ विकायला लागला. मीठ बरं विकतो असं ऐकते.

आणि कासार? बायको घरी आली, पण आल्याआल्या तिने सांगून टाकलं, "बाजारगावचं दुकान मी मोडायची नाही. चार दिवस तिथं, तीन दिवस इथं. पटत असेल तर बघा."

"बघू नाही," कासार म्हणाला. "पटलं."

आता तो विहिरीला, शेळीला आणि टेकडीला "चार दिवसांनी येतो" म्हणून तिची टोपली डोक्यावर घेऊन नदीपलीकडे जातो. दुकानात ती गादीवर बसते, हा खाली चटईवर. नवं गिऱ्हाईक आलं की यालाच मालक समजून विचारतं, "काय हो, दुकान तुमचं का?"

कासार छाती काढून सांगतो, "दुकान मालकिणीचं. मी नुसता हात धरायला."

आणि बायका हसत हसत हात पुढं करतात.

तात्पर्य: माणूस शपथेने बिघडत नाही आणि शपथेने सुधारतही नाही. रोज ज्या दारातून "येतो" म्हणून निघतो त्या दाराचा तो होतो. तेव्हा येतो म्हणायची दारं थोडीच ठेवा आणि ती बघून निवडा; बाकीच्यांना ताठ मानेने "जातो" म्हणा. त्यात अभद्र काही नाही.